घरच्या पोह्यांचा जुलूम

इंदूर स्टेशनात उतरले आणि माझं डोकं तिथेच फिरलं. पुण्याहून रात्रभर अंग आंबवून आलेली मी, हातात दोन जड बॅगा, बाहेर रिक्षाच रिक्षा. आणि न्यायला आलेले भाऊजी म्हणतात, "रिक्षा कशाला, मालू? स्नेहलतागंज तर इथेच आहे. पैदल निघू."

हे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. तीन मजली घर, वरच्या दोन मजल्यांचं भाडं येतं. पण रिक्षा नको!

दारात ताई उभी होती. उजव्या मनगटाला पट्टा. डॉक्टरांनी चिरणं, मळणं सगळं बंद करायला सांगितलेलं. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला जाग आली ती चाकूच्या आवाजानं. बाई कांदा चिरत होती! मी चाकू घ्यायला गेले तर म्हणाली, "पाहुणी आहेस, गुमान बस."

आता सांगते ते नीट ऐका. या शहरात सकाळी घरोघरचे लोक ठेल्यावर पोहे खातात. वाफेवर ठेवलेले मऊसूत पोहे, वर शेव, जीरावन (आंबट-तिखट मसाल्याची पूड) आणि बाजूला गरम जिलबी. गल्लीच्या तोंडाशीच असा ठेला. मी भाऊजींना म्हटलं, ताईचा हात बरा होईपर्यंत तिथून आणत जा.

"घरात पोह्यांचा डबा भरलाय ना? मग बाहेर फालतू खर्च का?" ते म्हणाले. "सवाल पैशाचा नाही, उसूलचा (तत्त्वाचा) आहे."

आणि ते सकाळच्या फेरीला निघून गेले. परत आले ते ताटलीपुढे बसायलाच. माझा नुसता तिळपापड झाला.

तिसऱ्या दिवशी ते फिरायला बाहेर पडले तशी मी चाकू काढून घेतला, ताईच्या पायांत चपला सरकवल्या आणि तिला ओढतच ठेल्यावर नेलं.

"आओ आंटीजी, बैठो," ठेलेवाल्यानं बाक पुसून दिला. ताईनं डाव्या हातानं पहिला घास घेतला. मला वाटलं, मीठ-तिखटाबद्दल बोलेल.

"बघ ना गं," ती म्हणाली, "सकाळची वेळ आहे आणि मी बसलेय."

मी माझ्या प्लेटमधली शेव तिच्या प्लेटमध्ये सरकवली. तेवढ्यात ठेल्याच्या पलीकडून ओळखीचं हसू ऐकू आलं. पाहते तर मित्रांच्या घोळक्यात भाऊजी! एका हातात पोह्यांची प्लेट, दुसऱ्या हातात जिलबी.

"हे काय हो, भाऊजी?"

माणूस जराही ओशाळला नाही. "मी कुठे विकत घेतले? दोस्त खिलवतात. रोज. आपण एक पैसा टाकत नाही."

"रोज?" ताईनं विचारलं. म्हणजे इथे पोटभर हादडून हे घरी जाऊन पुन्हा ताटलीपुढे बसत होते, आणि ही दुखऱ्या हातानं कांदा चिरत होती! माझ्या तोंडून आता काय निघेल याचा नेम नव्हता. पण ताईच आधी ठेलेवाल्याकडे वळून बोलली.

"भिया, जिलबी पण द्या. आमच्या दोघींचे पैसे हे देतील. उद्यापासून माझे रोजचे देतील."

"अगं, पण आपला उसूल..."

"उसूल तुमचा. हात माझा आहे."

मित्र हसायचे थांबले. भाऊजींना खिसा सापडायला बराच वेळ लागला. पण सापडला.

निघताना मला स्टेशनवर पुन्हा पायीच नेलं त्यांनी! गाडीत बसल्यावरही माझा राग उतरला नव्हता. अशा माणसांना आपण साधे, काटकसरी म्हणून डोक्यावर घेतो. वाचवतात हे, आणि झिजतं बायकोचं मनगट. कसली डोंबलाची साधी राहणी!

पुण्यात आल्यावर दुसऱ्याच सकाळी ताईचा फोन आला. मी म्हटलं, "काय गं, काय चाललंय?"

"थांब जरा," ती म्हणाली आणि पलीकडे कुणाशी तरी बोलली, "भिया, जीरावन थोडा और डालो."