कोरीट, दहापैकी दोन

रंजनाबाईंना कॉलेजात जायचं होतं, यात विशेष काही नाही. पुष्कळ बायकांना जायचं असतं आणि त्या पोळ्या लाटता लाटता विसरून जातात. रंजनाबाई विसरल्या नाहीत. बारावीचा निकाल लागला आणि वडिलांनी पेढ्यांबरोबरच लग्नाची तारीखही वाटली. त्या कोरीटच्या गुजर घरात आल्या, मगनच्या केळीत आणि कापसात राबल्या, लेक मोहिनीला शिकवून सासरी पाठवलं आणि चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस मोकळ्या झाल्या. म्हणजे इतरांच्या मते मोकळ्या. त्यांच्या मते रिकाम्या.

मगनला पेपर मोठ्यानं वाचायची खोड. नंदुरबारच्या एका कॉलेजात सामुदायिक आरोग्य आणि स्वास्थ्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाल्याची जाहिरात त्यानं वाचली आणि हसला.

"वयाची अट नाही म्हणे. उद्या आमच्या आईलापण घेतील."

रंजनाबाई हसल्या नाहीत. "शेवटची तारीख काय दिलीय?" एवढंच त्यांनी विचारलं.

मगन तसा भला माणूस. तारीख सांगून मोकळा झाला आणि पुढचं सगळं आईवर सोडून शेतात गेला. भले पुरुष हेच करतात.

सासू तुळशीबाई खाटेवर बसून लसूण निवडत होत्या. त्यांनी पाकळीही खाली ठेवली नाही.

"जाय. पण गावमातून एक तक्रार उनी ना वहू, पुस्तकं माळावर." म्हणजे गावातून एक जरी तक्रार आली, तरी पुस्तकं माळ्यावर आणि शिक्षण बंद.

नात्यागोत्यात गुजरी, घरात नि गल्लीत अहिराणी, कॉलेजात मराठी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा चार भाषांत रंजनाबाईंचं शिक्षण सुरू झालं. वर्गातल्या पोरी त्यांना काकू म्हणत आणि त्यांचा डबा त्यांच्याआधी उघडत. शिकवायला चांदनी मॅडम. बाजारपेठेतल्या मारवाडी किराणा दुकानदाराची लेक, पुण्याहून शिकून परत आलेली, वयानं मोहिनीएवढी. हुशार होती आणि हुशारी लपवत नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "घराचं स्वास्थ्य म्हणजे काय, आपल्या शब्दांत सांगा."

पोरींनी पुस्तकातलं म्हणून दाखवलं. रंजनाबाई म्हणाल्या, "दुपारी सासूला झोप लागणं."

वर्ग हसला. मॅडमनी मात्र ते वहीत लिहून घेतलं, आणि तेव्हापासून रंजनाबाईंना ती पोरगी आवडायला लागली.

पहिल्या वर्षाचं मोठं काम म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या गावाचं स्वास्थ्य मोजून आणायचं. प्रश्न साधे होते. झोप कशी लागते, वेळेवर जेवता का, अंग किती दुखतं, काळजी किती, अडीनडीला हाक मारायला कुणी आहे का. दर प्रश्नाला दहापैकी गुण द्यायचे, जितकं बरं तितके जास्त. रंजनाबाई कागद घेऊन निघाल्या त्या समोरच्या घरात, चुलत जाऊ सीमाकडे.

"झोप कशी लागस सीमा? दहापैकी किती?"

"कसानी झोप नि कसानं काय. दोन लिख."

"काल दुपारले तुले उठाडाले मी कडी वाजाडी वाजाडी थकनू."

"ते काय गावले सांगू? नजर लागी गयी मंग डोयाच लागाव नही. लिख दोन."

आता हे बाहेरच्याला सांगावं लागतं. सुख आहे असं तोंडानं म्हणायचं नाही, हा आमच्या तापीकाठचा रिवाज. केळीचा घड दोघांना उचलेना, तरी धनी म्हणतो, यंदा काही खरं नाही. नातू गुटगुटीत असला तरी आजी म्हणते, खातपीत नाही मेला. पाहुण्यानं कसं चाललंय विचारलं की उसासा टाकायचा, मगच पाणी द्यायचं. अख्ख्या गल्लीनं रंजनाबाईंना दोन दोन सांगितले. कुणी तीन म्हणाली आणि मागे धावत येऊन एक कमी करून गेली. गंमत अशी, की यात काही वावगं आहे हे रंजनाबाईंच्याही लक्षात आलं नाही. त्याही त्याच मातीतल्या. त्यांनी आपल्या नावापुढेसुद्धा दोन लिहिले आणि कागद देऊन टाकले.

महिन्याभरानं कॉलेजच्या भिंतीवर तक्ता लागला. प्रत्येक गावाचा एक रंगीत खांब. रनाळ्याचा खांब तक्त्याच्या वर निघू पाहत होता आणि कोरीटचा मिरचीच्या देठाएवढा होता. रनाळ्याचं काम वर्गातल्या योगेंद्र नावाच्या पोरानं केलं होतं. तो कुणाच्या घरात शिरला नव्हता. चौकातल्या चहाच्या टपरीवर बसून त्यानं पुरुषांना विचारलं होतं, आणि चारचौघांत आपल्याला काही दुखतं असं कुठला पुरुष कबूल करतो?

"काकू, तुम्ही रनाळ्याला राहायला या," योगेंद्र म्हणाला. "आमच्याकडे सगळं दहापैकी दहा."

"रनाळ्यात कुणालाच काही दुखत नाही, तर मग तिथली मेडिकलची दुकानं कोण चालवतं रे? तू?"

पोरी हसल्या, तेवढ्यावर ते मिटलं. निदान रंजनाबाईंना वाटलं की मिटलं. पण कुणीतरी तक्त्याचा फोटो काढला होता, आणि फोटोला हल्ली बसची वाट पाहावी लागत नाही. संध्याकाळपर्यंत तो कोरीटच्या घराघरांत पोचला आणि रात्रीपर्यंत तापी ओलांडून शहाद्याकडे गेला. शहाद्याकडच्याच एका गावात सीमाच्या मुलाचं, भूपेंद्रचं, लग्न ठरत आलं होतं. मुलीच्या काकाचा फोन आला. आडून आडून विचारत होता, गावचं पाणी बरं आहे ना, साथबिथ काही नाही ना, पोरगी द्यायची म्हणजे जरा.

सकाळी सीमा रंजनाबाईंच्या ओट्यावर उभी.

"मी दोन सांगं, नि तू दोनच लिखं? तू आमनी शे का परकी?"

सीमाचं म्हणणं बरोबर होतं. गावातल्या बाईनं दोन ऐकायचे असतात आणि समजून घ्यायचे असतात. लिहायचे नसतात.

खाटेवरून तुळशीबाई म्हणाल्या, "तक्रार उनी."

मगन चपला शोधायला लागला. शेतात जायची वेळ झाली नव्हती, तरी.

"आई, एवढ्यावरून शिक्षण बंद?" रंजनाबाई म्हणाल्या.

"तुन्ही मॅडमनी गावमा येवाले पाहिजे. सगळासना समोर तो दोन पुसाले पाहिजे. नही ते पुस्तकं माळावर." तुळशीबाईंनी निकाल दिला आणि पाणी मागितलं.

मग काय, रंजनाबाई कॉलेजात गेल्या आणि दोन पुसा म्हणाल्या. चांदनी मॅडम पुसायला तयार होईनात.

"गाव रुसलं म्हणून गुण वाढवायचे? उद्या रनाळेवाले रुसतील. विचारण्यात चूक झाली असं वाटत असेल तर पुन्हा विचारा, रंजनाताई. आणि चूक कुठे झाली ते मला दाखवा. पटलं तर मी स्वतः कोरीटला येईन."

पुन्हा विचारायला काय, रंजनाबाईंचे पाय अजून धड होते. पण आता गाव शहाणं झालं होतं. सीमानं दार उघडायच्या आत ओरडून सांगितलं, "दहा!" गुडघ्याला पट्टा बांधलेल्या म्हातारीनं अंगदुखीपुढे सगळं उत्तम म्हणून दहा लिहायला लावले. कोपऱ्यावरच्या घरातल्या नव्या सुनेनं सासूकडे बघितलं, सासूनं मान डोलावली, मग सून दहा म्हणाली. रंजनाबाई घरी येऊन टेकल्या तर तुळशीबाईंनी विचारलं, "रनाळेवाला किती सांगी ऱ्हायनात?"

"दहा."

"मंग आपला बारा लिख."

"दहाच्या वर जाता येत नाही, आई."

"मंग कसानं शिक्षण हाई?"

रंजनाबाईंनी कागदांचा गठ्ठा खुंटीवरच्या पिशवीत कोंबला. आधीचे दोन खोटे होते, आताचे दहाही खोटेच. यावर पास होण्यापेक्षा माळा बरा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. त्या रागातच त्यांनी पितळेचा हंडा घासायला घेतला, आणि तेवढ्यात ओट्यासमोर एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. हातात वायरची पिशवी, डोक्यावर नीट पदर, नुकतीच बसमधून उतरलेली.

"पाणी मिळेल का बाई?"

पाणी दिलं. बाईनं ओट्याची तारीफ केली, तुळशीबाईंच्या तब्येतीची चौकशी केली, आणि पेला खाली ठेवता ठेवता समोरच्या घराकडे हनुवटी केली. "हे लोक कसे आहेत हो?"

रंजनाबाईंनी तिला लगेच ओळखलं. ही मुलीकडची, बहुतेक आत्या. कधी तरी कुणी तरी येणार हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सोयरीक जुळवायची म्हणजे शेजारी जाऊन पाणी मागायचं, ही जुनी रीत.

"खरं सांगते," त्या म्हणाल्या. "सीमा तोंडाची फटकळ आहे, पण हात सढळ. तिचा नवरा घोरतो तो आम्हाला इथवर ऐकू येतो, म्हणजे झोप चांगली. पोरगा पहाटे शेतात पाण्याची मोटार लावायला स्वतः जातो, बापाला उठवत नाही. पित्त मात्र आहे त्याला, तिखट फार खातो. सून आली तर उपाशी राहणार नाही, पण ऐकून घ्यावं लागेल."

आत्याबाई समाधानानं मान हलवत होत्या. पित्ताचं ऐकल्यावर तर जास्तच.

"तुम्ही त्यांच्याच घरी जाऊन का विचारत नाही?" रंजनाबाईंनी विचारलं.

आत्याबाईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आपल्या घरचं खरं कोण सांगतं, बाई? शेजारणीला विचारावं."

आत्याबाई गेल्या. हंडा तसाच राखेत पडला आणि रंजनाबाई कोरे कागद घेऊन पुन्हा सीमाच्या दारात.

"आते काय? दहा सांगं ना मी."

"तुन्हं नको. मन्हा डाव्या बाजूले ऱ्हास तिन्हं सांग. तिले झोप कशी लागस?"

सीमानं तोंड उघडलं ते बराच वेळ मिटलंच नाही. तिला सगळं ठाऊक होतं. शेजारणीचा दिवा कधी मालवतो, कुठल्या कुशीवर झोपलं की तिचा खांदा धरतो, भाकरी संपल्या तरी जेवले म्हणून कशी सांगते. पुढच्या घरी गेल्या तिथेही तेच. मिरचीच्या हंगामात देठं खुडायला जाणाऱ्या दोघी रात्री आळीपाळीनं खोकतात, हे त्या दोघी सोडून सगळ्यांनी सांगितलं. कोपऱ्यावरची नवी सून दुपारी तीनला जेवते, हे पलीकडच्या चौघींनी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्यांतली एक उठून त्या सासूशी बोलायला गेली. एकीला सगळ्यांनी मिळून नऊ दिले.

"नऊ? एवढं काय सुख आहे तिला?"

"नवरा सुरतले ऱ्हास," सगळ्या म्हणाल्या.

दुसरीबद्दल सांगताना बायकांना नजरेचं भय नव्हतं आणि फुशारकीही मारायची नव्हती. दुखणं कुणी लपवलं नाही, आणि हेव्यापोटी का होईना, सुखही पदरात घातलं. बेरीज सहाच्या जरा वर गेली. झोप बरी, गुडघे वाईट, सुनांची जेवणं उशिरा, आणि अडीनडीला हाक मारायला माणूस आहे का, याला सगळ्यांत जास्त गुण. ते तर असणारच. इतक्या चौकस गल्लीत हाक मारायचीही गरज पडत नाही.

चांदनी मॅडमनी ते सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाल्या, "रनाळ्याला पण असंच विचारावं लागेल." योगेंद्रचं तोंड उतरलं.

शब्द दिला होता म्हणून मॅडम कोरीटला आल्या. ओट्यावर बायका दाटीवाटीनं बसल्या. सोयरीक पक्की झाल्यामुळे सीमा सगळ्यांत पुढे. मॅडमनी जुना तक्ता उलगडला, सगळ्यांसमोर देठाएवढ्या खांबावर कागद चिकटवला आणि सहाचा खांब काढला. बायका मान वाकडी करून बघत राहिल्या. सहा म्हणजे नजर लागण्याएवढं सुख नाही आणि लाज वाटण्याएवढं दुःख नाही. पटलं सगळ्यांना.

"एकच कागद कोरा राहिलाय," मॅडम म्हणाल्या. "रंजनाताईंचा. यांचं कोण सांगतंय?"

सीमा बोलणार तोच तुळशीबाईंनी हात वर केला. सासू चार बायकांत काय बोलेल याचा भरवसा नव्हता, आणि पुस्तकांचा फैसला अजून तिच्याच हातात होता.

"पहिले चार लिखा," तुळशीबाई म्हणाल्या.

"पहिले म्हणजे कधी?"

"कॉलेजना पहिले. भांडा आपटे. मी बोलनू ते तोंड फिराडी ले. पेपर वाची वाची फाडी टाके, जाहिरातीसुद्धा."

"आणि आता?"

"आते भांडस. मी एक बोलनू का ती दोन बोलस. नि रातले आडवी पडनी का घोरस."

"मग किती लिहू, आजी?"

तुळशीबाईंनी सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि आवाज खाली आणला. "आठ. पण मोठ्यानं वाचू नका."

दारात उभ्या मगनला राहवलं नाही. "मग आई, पुस्तकं माळ्यावर टाकू ना?"

"माळावर लसूण शे. जागा कोठे शे?"

लसूण गेल्याच आठवड्यात मगननं स्वतः विकून टाकला होता. माळा रिकामा होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, समोरच्या सीमालाही.

"बठी काय ऱ्हायनी वहू," तुळशीबाई म्हणाल्या, "चहा ठेव. मॅडमनी बस चुकी जाई."