रखमीबाईंचा शंखांचा दगड

शहापूरच्या हौशी जीवाश्म मंडळाचं प्रदर्शन सकाळी उघडायचं होतं. मधल्या टेबलावर अध्यक्ष राघोभाऊंचा लाडका दगड विराजमान होता. त्यावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी होती. हेदूपाड्याच्या रखमी मेंगाळ यांनीही एक दगड आणला होता. विहीर खणताना दोन काळ्या कातळांमधल्या मातकट थरात तो त्यांना सापडला होता. तो आपल्या नावानं मांडला जावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"हे ढेकूळ कोपऱ्यात ठेवा, बाई," राघोभाऊ म्हणाले.

जन्मभर रानभाज्या खुडून विकत आलेल्या रखमीबाई नक्षीवर वाकल्या. "भाऊ, याला देठ नाय, मधली शीर नाय. हे पान नाय. भेगेत पाणी मुरून पडलेला डाग हाय."

"आता तुम्ही आम्हाला शिकवणार?"

"शिकवीन की! पाला ओळखायला मी कधी चुकले नाय."

राघोभाऊंनी भिंग घेतलं. नक्षीत देठ शोधला, शीर शोधली; दोन्ही सापडलं नाही. मग रखमीबाईंनी आपला दगड त्यांच्या हातात दिला. भिंगाखाली त्यात तांदळाएवढे शंख दिसले, भातखाचरातल्या गोगलगाईंसारखे वेटोळे असलेले.

राघोभाऊंनी स्वतःच्या हातानं नक्षीचा दगड उचलला आणि त्या जागी शंखांचा दगड ठेवला. चिठ्ठीवर लिहून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "गोड्या पाण्यातले शंख. शोधणाऱ्या, रखमी मेंगाळ."

"पाड्याचं नाव राह्यलं, भाऊ," रखमीबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "तेबी लिवा. मोठ्या अक्षरात."