दोन घोडे आणि एकटा राजा

मुकुंदवाडीच्या एका खोलीत आम्ही दोघं राहत होतो आणि दोघांचा डोळा एकाच खुर्चीवर होता. खुर्ची आमच्या कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममधली. ती काचेच्या आत, गारव्यात. आम्ही बाहेर स्टोअरमध्ये, बेअरिंगच्या खोक्यांना चिठ्ठ्या डकवत. मी कायम होतो, माझा मित्र बदली कामगार.

खरं तर खुर्ची त्याचीच होती. गणितातला बी.एस्सी., तोही पहिल्या वर्गातला. त्यानं तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा अर्ज परत आला. कारण शिक्षणाच्या रकान्यात तो विद्यापीठाचं नवं नाव लिहायचा, जे सरकारनं अजून दिलंच नव्हतं. ते नामांतराचे दिवस. एकीकडे माळरानावर कारखान्यांची शेडं उठत होती, दुसरीकडे मोर्चे निघत होते, शहर बंद पडत होतं, एसट्या डेपोत उभ्या राहत होत्या. हा मोर्च्यातून घामेजून यायचा, अंघोळ करायचा आणि पुन्हा तोच अर्ज लिहायला बसायचा.

"लेका, जुनं नाव लिही की," मी म्हणायचो. "खुर्ची तर पदरात पडंल."

"डिग्री माझी हाय ना? मग ती कुठली ते मला ठाव नाय व्हय?"

माझ्या अर्जात असली काही भानगड नव्हती. माझ्याकडे लायकीच नव्हती, एवढीच अडचण. कॉम्प्युटरच्या बेसिक भाषेचा सहा महिन्यांचा कोर्स आणि भरपूर तोंड, एवढ्या भांडवलावर मी साहेबांना सांगून टाकलं की मी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहितोय. तेव्हा एका कॉलेजात स्पर्धा ठरली होती, माणसांची नव्हे, प्रोग्रामांची. यंत्रानं यंत्राशी खेळायचं, माणसानं फक्त चाली टाइप करायच्या. साहेबांना बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं, पण कारखान्याचं नाव होईल हे कळत होतं. ते म्हणाले, "पहिले या. खुर्ची तुमची."

मग सुट्टीच्या दिवशी यंत्र आम्हाला मिळू लागलं. अर्धं गणित मित्रानंच करून दिलं. कुठल्या मोहऱ्याचं वजन किती, कुठलं घर मोक्याचं, हे तो पाठकोऱ्या कागदावर लिहायचा आणि मी टाइप करायचो. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. आता आठवताना वाटतं, आम्ही पाण्याखाली बसून काम करत होतो. आवाज नाही, फक्त हिरवा उजेड.

नियम मात्र माझे होते. म्हणजे फुलंब्रीच्या आमच्या तात्यांचे, माझ्या चुलत्यांचे. मी खेळ शिकलो त्यांच्याकडून, गोठ्यापुढच्या ओट्यावर. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की ते ज्या घरात उभं राहील त्या घराचं मूळ मोहरं बनायचं. घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, उंटाच्या घरात उंट. विलायती नियमांचं एक पुस्तक मी आणलं होतं. त्यातलं राजा-हत्तीच्या किल्लेकोटापर्यंत वाचलं आणि पुढचं आपल्याला येतंय म्हणून मिटून ठेवलं.

एका दुपारी मित्र यंत्राशी खेळला. त्याचं प्यादं पलीकडे पोचलं आणि यंत्रानं त्याच्या हातात घोडा ठेवला.

"हे काय? मला वजीर पायजे."

"घोड्याच्या घरात गेलास ना? मग घोडाच मिळणार."

"इतकं चालून पोचायचं आमी, अन् काय व्हायचं ते घरानं ठरवायचं? हॉस्टेलात आमी कुठल्याबी घरात वजीरच घ्यायचो. नियमच हाय तो."

"आमचे तात्या..."

"तुझे तात्या ऱ्हाऊ दे. रस्त्यावर ह्याच्यासाठीच बोंबलतोय गड्या आमी, अन् तू तेच मशीनमध्ये घालून ठेवलंस! चार ओळी बदल."

मी हसलो. बदलतो म्हणालो. त्या रविवारी फुलंब्रीला गेलो, तर तात्या म्हशीला पाणी दाखवता दाखवता म्हणाले, "प्रत्येकालाच वजीर? हा खेळ हाय का लगीनघर?" मला ते पटलं. चार ओळी तशाच राहिल्या.

स्पर्धा उन्हाळ्यात झाली. हॉलच्या खिडक्यांना पडदे लावलेले, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, टेबलांवर यंत्रं. पहिल्या फेरीत समोरचा प्रोग्राम नवव्या चालीला बंद पडला तो उठलाच नाही. दुसऱ्या फेरीत समोरच्यानं राजा पटाबाहेर न्यायचा हट्ट धरला. दोन्ही विजय मी अत्यंत नम्रपणे स्वीकारले. शेवटचा डाव एका तरुण प्राध्यापकाच्या प्रोग्रामशी. जिंकलो तर पहिलं येणार होतो.

तो डाव आमचं यंत्र खरंच सुंदर खेळलं. शेवटी समोर उरले राजा आणि एक उंट. आमच्याकडे राजा आणि दोन बाजूंना दोन प्यादी. एक प्यादं शेवटच्या घरात शिरलं आणि पडद्यावर आलं: घोडा. त्या घोड्यानं राजाला शह दिला आणि उंटावरही डोळा ठेवला. उंट मेला. सगळा हॉल भोवती गोळा झाला.

"वजीर सोडून घोडा!" प्राध्यापक उठूनच उभे राहिले. "काय खोल विचार आहे हो!"

"असतं तसं," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. साहेबांनी पाठ थोपटली आणि पाळी बदलायची वेळ झाली म्हणून ते खुशीत निघून गेले. मित्र तेवढा टाळ्या न वाजवता दुसऱ्या प्याद्याकडे बघत होता. ते दुसऱ्या घोड्याच्या घराकडे चाललं होतं.

पोचलं. घोडा.

ह्या वेळी टाळी नाही. "दोन घोड्यांनी एकट्या राजावर मात लादता येत नाही," प्राध्यापक हळूच म्हणाले. पण समोरचं यंत्र चुकलं तर होईल, ह्या आशेवर मी डाव सोडेना. नियम असा की पन्नास चालींत काही झालं नाही तर बरोबरी.

त्या पन्नास चाली मला अजून स्वप्नात दिसतात. एकेका चालीला यंत्र दोन-तीन मिनिटं घ्यायचं. पंखा फिरत होता, पडद्यांच्या फटीतून उन्हाची पट्टी टेबलावरून सरकत होती, माणसं एकेक करून पांगत होती. मला वाटू लागलं, हा पट नाहीच. आमच्या गावच्या माळावर कुणीतरी दोन घोडी मोकळी सोडलीत आणि एक म्हातारा मधून चाललाय. घोडी जवळ येतात, त्याला हुंगतात, वाट अडवतात, पुन्हा वाट देतात. म्हाताऱ्याला घाई नाही. घोड्यांनाही नाही. मी चाली टाइप करत होतो आणि हळूहळू विसरत होतो की हे सगळं खुर्चीसाठी चाललंय.

पन्नासावी चाल झाली. बरोबरी. गुण सारखे झाले, पण प्राध्यापकांचे आधीचे विजय पटावरचे होते, म्हणून आम्ही दुसरे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कॉम्प्युटर रूममध्ये बोलावलं. "तो घोडा मुद्दाम काढला होता ना? सगळे कौतुक करत होते."

"हो," मी म्हणालो. विचार करायच्या आतच म्हणालो.

"मग दुसरा नंबर काही वाईट नाही. खुर्चीचं करून टाकू."

काचेपलीकडे मित्र खोकी उचलत होता. त्यानं आत पाहिलंसुद्धा नाही. रागानं पाहिलं असतं तर कदाचित मीही हट्टाला पेटून निर्लज्जपणे खुर्चीत बसलो असतो.

"साहेब, मुद्दाम नव्हता. ती चूक होती. माझ्या मित्रानं आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

"का?"

"आमचे तात्या म्हणाले..."

"तात्या कॉम्प्युटरमध्ये आहेत?"

"म्हशींमध्ये आहेत, साहेब."

साहेबांनी मित्राला आत बोलावलं. चार ओळी त्यानं दहा मिनिटांत बदलल्या, तीच दोन प्यादी मांडली, वजीर घेतला आणि राजावर मात करून दाखवली. साहेबांनी अर्ज मागितला. चौथा अर्ज त्याच्या खिशात घडी करून तयारच होता. नाव तेच. साहेब ते बराच वेळ वाचत राहिले.

"हे विद्यापीठ कुठं आहे?"

"इथंच, साहेब. लेण्यांच्या वाटेवर."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात आलं, त्यांनी एखादा शब्द खोडायला सांगावा आणि ह्यानं नाही म्हणावं. त्यांनी सरळ सही केली.

मित्र बसायला गेला तर चाकांची खुर्ची मागं सटकली. त्यानं दचकून टेबल धरलं. मी इतक्या जोरात हसलो की अख्खं स्टोअर काचेपाशी गोळा झालं.

"राग आला का रं?" त्यानं बसल्या बसल्या विचारलं.

"लई," मी म्हणालो, आणि खोकी उचलायला बाहेर गेलो.