पातूरच्या लेणीतलं भजन

पातूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या एका शेजाऱ्याची पिठाची चक्की होती. चक्कीच्या घरघरीमुळे त्याला ओरडूनच बोलायची सवय लागली होती. रस्त्यात भेटला तरी "का मास्तर, जेवले का?" असं तो शेतापलीकडून हाक मारल्यासारखं विचारी. उत्तराला मात्र कधी थांबत नसे.

त्या वर्षांत गावोगाव माणसं फवारणीचं औषध पिऊन जात होती. बायकांचं भजनी मंडळ सणापेक्षा तेरवीलाच जास्त गाई. त्याची बायको त्या मंडळात होती. पुढे ती तापानं गेली.

एका उन्हाळ्यात शहरातल्या एक ताई लेणीत आवाजांचं प्रदर्शन घेऊन आल्या. मंडळातल्या प्रत्येक बाईचा आवाज त्यांनी आदल्या वर्षी, त्याची बायको असताना, वेगवेगळा टिपला होता. अंधाऱ्या लेणीत स्पीकर गोलाकार मांडले होते आणि प्रत्येकातून एकेक बाई गात होती. मधे उभं राहिलं की सगळं मंडळ आपल्याभोवती बसलंय असं वाटे.

मी त्याला घेऊन गेलो. प्रत्येक स्पीकरला कान लावत तो फिरला आणि एकापाशी थांबला. भजन संपून पुन्हा सुरू झालं, तरी हलेना. मग म्हणाला, "ताई, हिले थांबवा जराशी. कवाची गाऊन राहिली, थकली असन."

ताईंनी तेवढा एक स्पीकर बंद केला. बाकीच्या बाया गातच राहिल्या. त्यानं त्या मुक्या खोक्यावर हात ठेवला आणि घाबरून मागं वळला.

"लावा, लावा," तो म्हणाला. "गाऊ द्या तिले."