वाढत्या मापाचं जाकीट

आमच्या इमारतीत तिला सगळे ताईच म्हणतात. तिच्याहून वयाने मोठे असलेले, पेन्शनीत निघालेले गृहस्थसुद्धा. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या कपडे-विभागात शिवणकाम करते. फाटलेल्या चादरी, उसवलेले अभ्रे, डॉक्टरांचे बंद तुटलेले हिरवे डगले, सगळं तिच्या मशीनखालून जातं. बोलायला फटकळ, पण टीप अशी सरळ की फूटपट्टी लावून बघावी.

तिचा भाऊ बाबू, मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गात होता. त्या वर्षी आधी त्यांचे वडील गेले, मग आई. ताई तेव्हा नुकती कामाला लागली होती. स्थळं येत होती. आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्या भेटीतच सांगायची, "माझ्याबरोबर एक लहान भाऊ येईल." मग चहा संपायच्या आत पाहुणे उठायचे.

बाबूचे कपडे ती घरीच शिवायची आणि सगळे वाढत्या अंगाचे. बाह्या दोनदा दुमडलेल्या, खांदे कोपराकडे उतरलेले. दरवर्षी ती विजारीची एक दुमड उसवायची. जुन्या दुमडींच्या रेषा तळाशी एकावर एक दिसत राहायच्या, झाडाच्या खोडात वर्षांची वलयं दिसतात तशा. वर्गातली पोरं त्याला 'तंबू' म्हणायची. तो हसायचा. घरी मात्र त्याने कधी सांगितलं नाही. आपण काही बोललो तर ताईला लागेल, हे त्या मुलाला फार लवकर कळलं होतं, आणि तेच त्याच्या अंगी मुरलं. बूट मोठे, सायकल मोठी, सगळ्याला त्याचं उत्तर एकच, "चालेल."

पुढे तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. ते वरखाली रोजचंच. त्याच्या कामावरचे दोघे-तिघे पाण्याखाली उतरायला शिकायला जात होते, त्यांच्याबरोबर हाही गेला आणि त्यात रमला. ताई म्हणायची, "दिवसभर वरखाली करून पोट भरत नाही, म्हणून सुट्टीत पाण्यातही वरखाली!" हसून म्हणायची, पण तो परत येईपर्यंत दर थोड्या वेळाने खिडकीत जाऊन उभी राहायची.

मी एकदा त्याला विचारलं, "असं काय आहे रे खाली?"

थोडा विचार करून म्हणाला, "खाली कुणी हाक मारत नाही, बाई." मग स्वतःच दचकला. "ताईला सांगू नका हं."

भाड्याने मिळणारी जाकिटं जुनी आणि गळकी असतात, तेव्हा समुद्रावरच्या सहलीआधी स्वतःचं घ्यावं असं त्याच्या कोचने सांगितलं. हे जाकीट म्हणजे पाठीवरची हवेची टाकी धरून ठेवणारं आणि स्वतःही हवेने फुगणारं. बटण दाबून हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. पाण्यात जीव असतो तो त्याच्या भरवशावर. ताईने हे ऐकलं मात्र, लगेच म्हणाली, "कापडाचं आहे ना? मग मी येणार. बाई, तुम्हीही चला. बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं असेल."

"बाईंना चष्मा लावूनही बसचा नंबर दिसत नाही," बाबू म्हणाला.

"तुला तरी कुठे दिसतो? परवा दुसऱ्याच गल्लीत उतरलास."

दुकान छोटं होतं आणि रबराच्या वासाने भरलेलं. दुकानदार जाड बोटांचा, कमी बोलणारा म्हातारा. त्याने बाबूला एक काळं जाकीट चढवलं, मागे टाकी अडकवली, पट्टे आवळले आणि हवा भरली. मग खांद्याला धरून जाकीट वर ओढून पाहिलं. ते जागचं हललं नाही. "श्वास घ्या मोठा. दाबतंय?"

"नाही." बाबू आरशात बघत होता. अंगाला बसलेलं काही घातलेला तो मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. खांद्यांची रेष सरळ. एकदम वेगळाच माणूस.

ताईने पुढे होऊन पोटावरच्या पट्ट्यात दोन बोटं घालून पाहिली. "बोटंसुद्धा जात नाहीत."

"जायला नकोतच," दुकानदार म्हणाला.

"आणि आतून तो रबरी पोशाख घालायचा, त्याची जाडी? उद्या लग्न होईल, पोट सुटेल. मोठं दाखवा."

"ताई, हा कोट नाही."

"अहो, याचं माप मी याला चालता येत नव्हतं तेव्हापासून घेतेय. तुम्ही आज बघताय."

दुकानदाराने मोठं काढलं. बाबूने घातलं. ताईने खांद्यावर हात फिरवला आणि तिचा जीव निवला. "हे बघ. कसं ऐसपैस."

दुकानदार तिच्याकडे न बघता बाबूकडे बघत राहिला. "घालणार कोण?"

बाबूने एकदा आरशात पाहिलं. "मोठंच द्या," म्हणाला. "चालेल."

पोहण्याच्या तलावातल्या सरावाच्या पहिल्याच दिवशी त्या जाकिटाने इंगा दाखवला. हवा भरताच ते वर सरकून कानापर्यंत आलं, हनुवटी आत दबली आणि हा खाली लोंबकळत राहिला. नाकातोंडात पाणी गेलं. जिन्यात भेटला तेव्हा गळ्यावर, काखेत कातडी सोलवटलेली होती. "ताईला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"उत्तम आहे म्हणालो. पट्टे ओढून ओढून घेतो, बाई. जमतंय."

पण ताईचे डोळे ते. फळीवरचा डबा काढायला त्याने हात वर केला नाही, नुसतं स्टूल ओढलं, एवढ्यावरून तिने ओळखलं. "सैल होतंय ना रे?"

"थोडंसं."

"मग बोलला का नाहीस? तोंडात मूग भरलेत?" असं म्हणून ती रागावली आणि लगेच खूशही झाली. सैल झालेलं आत घेणं हा तर तिच्या डाव्या हातचा मळ. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने जाकीट हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथलं जाड कापडाचं मशीन वापरून तिने दोन्ही बगला आत घेतल्या, दुहेरी टीप मारली, दोरा मेणातून काढून. संध्याकाळी मला दाखवायला वर घेऊन आली. टीप सुरेखच होती. "त्याला सांगितलं नाही अजून," ती म्हणाली. "घालेल तेव्हा कळेल."

त्याने घातलं ते थेट तलावावर. घट्ट बसलं म्हणून खूश झाला, बगलेत काय बदललंय ते पाहिलंही नाही. सहलीआधीचा शेवटचा सराव होता. पाण्यात खाली जाता यावं म्हणून कमरेला शिसं बांधून तो खोल बाजूला उतरला. वर यायची वेळ झाली तसं त्याने बटण दाबलं. हवा आत जाताना फुसफुसली, पण हा जागचा हलेना. पुन्हा दाबलं. शेजारून बारीक बुडबुडे वर जात होते, आणि ते आपल्याच अंगातून निघतायत हे कळायला त्याला वेळ लागला. कमरेचं शिसं सोडायचं असतं, हे त्या घाईत सुचलं नाही. कोचने गळपट्टीला धरून त्याला वर खेचलं.

काठावर ती कोच जाकीट उलटंपालटं करून पाहू लागली. "हे कुणी शिवलं?"

"मी," बाबू म्हणाला.

"तू? मग तुला सहलीला नेत नाही. ज्याला एवढी अक्कल नाही त्याला मी समुद्रात सोडणार नाही. नवीन घेऊन ये, पाण्यात तपासून दाखव, मग बघू."

त्या संध्याकाळी त्याने मला खाली त्यांच्या घरी बोलावून घेतलं. न्हाणीघरात कपडे भिजवायचा मोठा टब पाण्याने भरला होता. ताई दारात उभी. त्याने जाकीट फुगवलं आणि दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबलं. बगलेपासून कमरेपर्यंत बुडबुड्यांची एक रांग वर आली. सारख्या अंतरावर, अगदी सरळ.

ताई वाकून बघत राहिली. "माझी टीप आहे ती," ती म्हणाली.

"हो."

"पण मी तर नुसतं वरचं कापड घेतलं. हात घालून चाचपलं होतं. पिशवी लागली नाही हाताला. आतली हवेची पिशवी वेगळी असेल ना? अभ्रा वेगळा, उशी वेगळी."

"याला अभ्रा नाही, ताई. हे कापडच पिशवी आहे."

ती स्टुलावर बसली.

"मेला असतास तू."

"नाही. कोच होती."

"कोचला काय सांगितलंस?"

"मी शिवलं म्हणून."

यावर ती उसळली. "माझ्या हातचं काम स्वतःच्या नावावर? खोटारड्या! मी येते उद्या तिच्याकडे. सांगते, मी शिवलं, मी मारायला निघाले होते तुला!" आणि मग तिचा आवाज फुटला. पदराने तोंड पुसून तिने तिसरंच काढलं, "नवीन घ्यायला कधी जायचं? या वेळी त्या म्हाताऱ्याचं ऐकू."

बाबूने टबाचं बूच काढलं. पाणी जाईपर्यंत तो त्याच्याकडेच बघत होता. "नवीन मी एकटा आणतो, ताई."

"मी नको येऊ?"

"नको."

इतक्या हळू म्हणाला की ऐकलं नाही असं दाखवता आलं असतं. तिने तसं दाखवलं नाही. उठली, ओट्याकडे गेली आणि स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

त्यानंतरचे दिवस मला आठवले की अजून वाईट वाटतं. दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखे वागत होते. "पाणी हवंय का?" "असू दे, घेतो." नवीन जाकीट आलं, ते त्याने पिशवीतून बाहेर काढलं नाही. तिने मागितलं नाही. कोचने तलावात तपासून घेतलं, होकार दिला, एवढंच त्याने सांगितलं.

सहलीच्या आदल्या दिवशी ताई माझ्याकडे येऊन बसली. "मी 'जाऊ नको' म्हणाले तर थांबेल तो, बाई. आत्ताही थांबेल. एक शब्द पुरे आहे."

"मग?"

"मग काय. तोच शब्द दातांत धरून बसलेय. जबडा दुखायला लागला."

सकाळी तो निघाला. जिन्यात तिने त्याच्या कॉलरला हात लावायला हात पुढे केला आणि कठड्यावर ठेवला. "जपून," एवढंच म्हणाली. तो दोन पायऱ्या उतरून थांबला, वाट बघितल्यासारखा, आणि मग गेला.

सुट्टी असूनही ती हॉस्पिटलचे अभ्रे घेऊन माझ्याकडे आली. दुपार उलटली तरी एकही शिवून झाला नव्हता. सुईत दोरा ओवायची, बघायची, पुन्हा काढायची. वारा सुटला की खिडकीकडे बघायची. समुद्र इथून कुठे दिसणार!

मग तिचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं आणि फोन माझ्यापुढे केला.

"अगं, तुझा आहे."

"तुम्हीच बोला, बाई. मी बोलले तर काहीतरी सांगेनच. डोकं पूस, कोरडे कपडे घाल, पुन्हा उतरू नको. थांबणार नाही माझं तोंड."

मी फोन घेतला. पलीकडे वारा होता, माणसांचं हसणं होतं, आणि बाबू एका दमात बोलत होता. वर आलो, बाई, नीट आलो. इतका मोकळा आवाज मी त्याचा वर्गातही ऐकला नव्हता. उद्या पुन्हा उतरणार होता. मग तो थांबला.

"ताई आहे का तिथे?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिने जोरजोराने नकारार्थी मान हलवली, ओठ घट्ट मिटून. पण खुर्ची ओढून ती माझ्या इतकी जवळ आली होती की तिचा कान फोनला टेकला होता.