शनिवारचा अर्धा-अर्धा तास

शिवणकाम करणाऱ्या मावशींची लेक कोरियात नांदत होती. लेकीला मध्ये न घालता विहीणबाईंशी चार शब्द बोलावेत, एवढीच मावशींची आस. म्हणून एका कोरियन मुलीशी फोनवर देवाणघेवाण ठरली: दर शनिवारी अर्धा तास मराठी, अर्धा तास कोरियन. मुलीची चुकलेली वाक्यं मावशी उसवून पुन्हा शिवून द्यायच्या. मावशींच्या वाक्याला मात्र ती "छान! अगदी बरोबर!" म्हणायची आणि दहा मिनिटांत गाडी पुन्हा मराठीवर आणायची. मावशी बापड्या वर्षभर तीच वाक्यं जपासारखी घोकत राहिल्या.

मग विहीणबाईंचा फोन आला. मावशी पाच मिनिटं मनापासून बोलल्या. विहीणबाईंनी हसून ऐकलं आणि शेजारी बसलेल्या सुनेला हळूच काहीतरी विचारलं. लेक चाचरत म्हणाली, "आई, त्यांना काहीच कळलं नाही गं."

शनिवारी मावशींनी मुलीला जाब विचारला, "अगं, चुकत होते तर सांगायचं नाही का?"

"मावशी, तुमच्या चुका सांगत बसले असते तर माझ्या मराठीच्या परीक्षेची तयारी कधी झाली असती?"

एवढं लांब वाक्य ती कुठेही न अडखळता बोलली. मावशींनीच तिला तसं तयार केलं होतं. त्यांनी फोन ठेवला आणि लेकीला कळवलं, "विहीणबाईंशी तूच बोलत जा, बाई."