रेडकांचा वाटा

होसकोट्याच्या गोठ्यात तिसरं रेडकू उपाशी मेलं, तेव्हा चंद्राबाईनं भावाला शिवी घातली. आयुष्यात पहिल्यांदा.

नागोजीला तिनंच वाढवलेलं. हल्याळच्या रानातल्या गवळीवाड्यावर आई लवकर गेली. त्याला पाठीला बांधून ती म्हशी राखायची. वडील कमी बोलत. पण म्हशीचे दोन सड रेडकाचे, दोन आपले, हे पुन्हा पुन्हा सांगत. मग ते नर असलं तरी. "त्याच्या तोंडचं काढून खाल्लेलं अंगी लागत नाही," म्हणत. झऱ्याच्या उगमाशी गुरं न्यायची नाहीत, पोळ्यातला थोडा मध माश्यांना ठेवायचा, हेही तसंच. चुकलं की म्हातारा दिवसभर अबोला धरायचा. मार परवडला असता.

वडील गेले, रानातली चराई बंद झाली, म्हशी विकल्या. चंद्राबाईचा नवराही राहिला नाही. नागोजीनं बेंगळुरूबाहेर होसकोट्याला गोठा काढला आणि तिला बोलावून घेतलं. इथं रेडकं गोठ्याच्या मागं बांधलेली. म्हशींना पान्हा सुटायला इंजेक्शन. मादी रेडकांना पेज तरी मिळे. नर हंबरून हंबरून गप्प होत.

"अरे, पाज की त्याला!"

"नराला पाजून काय करू, अक्का? हे रान न्हवं. फ्लॅटवाल्यांना उजाडायच्या आत दूध लागतंय. स्वल्प समजून घे."

तिनं समजून घेतलं नाही, पण जायचं कुठं म्हणून राहिली. मग एक दिवस दुधाच्या नव्या बाटल्या आल्या. त्यांवर वडिलांचा पागोट्यातला फोटो. खाली काय लिहिलंय, हे तिनं भावजयीला, शिवलीलाला विचारलं. शिवलीलानं खाली मान घालून वाचलं : 'पूर्वजांची शिकवण. रेडकाचा वाटा राखून काढलेलं दूध.'

चंद्राबाईनं पदरानं बाटलीवरचा फोटो झाकला.

रविवारी गिऱ्हाइकं गोठा बघायला येणार होती. नागोजीनं तिला काष्ट्याचं लुगडं नेसायला लावून दारात बसवलं. निवेदिता नावाची पुण्याकडची मुलगी तिच्याजवळ उकिडवी बसली. "आजी, खरंच अर्धं दूध रेडकांना देता?"

"हो मॅडम, वडिलांपासूनची रीत आमची," तिच्याआधी नागोजीच बोलला.

चंद्राबाई उठली. मागं जाऊन तिनं विळ्यानं सगळी दावी कापली. रेडकं आयांकडं धावली. एकाला मात्र उठवेना. त्याला उचलून तिनं लोकांच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"हा बघा अर्धा वाटा! हाडं मोजा ह्याची!"

"अक्का, माझं पोट हाय ह्याच्यावर!"

"आणि ह्याला पोट न्हाई?"

नागोजीनं तिला ढकललं. ती शेणात पडली, उठली आणि शेणानं भरलेल्या लुगड्यातच बसस्टँडवर गेली.

शहरात, चामराजपेटेत त्यांच्या जमातीतले आप्पाजी राहतात. चार माणसं त्यांचं ऐकतात. ती त्यांच्याकडं गेली. ते म्हणाले, "भाऊ आहे तो. घरातलं चव्हाट्यावर कशाला आणायचं?"

"मेलेल्या बापाला चव्हाट्यावर कुणी मांडलं?" तिनं चहाचा कप सरकवून दिला. "बाटल्यांवरनं बापाचा फोटो काढून टाकायला सांगा त्याला. न्हाईतर प्रत्येक फ्लॅटच्या दारात जाऊन ओरडेन."

नागोजीनं तो फोटो काढून टाकला. आता बाटलीवर कुणा परक्या, हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र आहे. थोडी गिऱ्हाइकं तुटली, त्यांच्या जागी दुसरी आली. रेडकं अजून मरतात. शिवलीला चोरून कधी एखाद्याला पाजते, तेवढंच.

चंद्राबाई शहराच्या पीण्या वसाहतीतल्या एका कारखान्यात झाडलोट करते, तिथंच जवळ एका खोलीत राहते. दिवाळीत नागोजी पेढे घेऊन दारात उभा राहिला. दारी आलेल्याला उपाशी धाडायचं नाही, हेही बापानंच शिकवलेलं. त्या बापाचा तिला क्षणभर राग आला. तिनं चुलीवरची भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा. पेढ्यांना हात लावला नाही.

"अक्का, बोल की काहीतरी."

"जेव," ती म्हणाली. "आणि जा."